बंदिशीला कर्ता असतो

गेले काही महिने पुण्यातल्या संगीतप्रेमी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर वारंवार फिरतो आहे. त्याचा आशय असा: अठराव्या शतकातले ख्यालरचनाकार सदारंग-अदारंग यांच्या तोडीच्या बंदिशी, म्हणजे रागात आणि तालात बांधलेल्या गायच्या रचना, आता कोणी रचत नाही, जे रचतात त्यांच्या रचनेत कस नसतो, म्हणून त्यांचे नाव होत नाही, रसिकांनाही नवे नकोच असते, आणि रागसंगीत ही सर्वांची ठेव असल्याने रचनाकाराने नावाचा आग्रह धरणे मुळातच गैर आहे. ज्यांच्या गाण्याविषयी मला आदर आहे अशांनीही हा मजकूर पुढे पाठवलेला पाहिला, म्हणून त्यातले एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

रचना होत नाहीत, हे विधान तर वस्तुस्थितीला धरूनच नाही. रामाश्रय झा 'रामरंग' यांच्या 'अभिनव गीतांजली'चे पाच भाग उपलब्ध आहेत. रातंजनकर, सी. आर. व्यास, दिनकर कायकिणी यांनी विपुल रचना केल्या, आणि पुण्याच्याच प्रभा अत्रे यांनी तर आपल्या बंदिशींची पुस्तके स्वरलिपीसह प्रसिद्ध केली. अश्विनी भिडे-देशपांडे यांची 'रागरचनांजली'ही आपल्यासमोर आहे.

जुन्या बंदिशी श्रेष्ठ म्हणूनच टिकल्या, हे अर्धेच खरे आहे. त्या टिकल्या याचे एक मोठे कारण संगीतज्ञ विष्णु नारायण भातखंडे आहेत. घराण्याघराण्यांतल्या उस्तादांकडून मिळवलेल्या शेकडो चिजा, म्हणजे बंदिशी, त्यांनी 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या नसत्या, तर त्यांतल्या किती आज आपल्या कानांवर आल्या असत्या? शिवाय अडीच-तीनशे वर्षांच्या चाळणीतून उरलेल्या निवडक चिजा एका पारड्यात आणि आजचे सगळे बरेवाईट दुसऱ्या पारड्यात, ही तुलना न्याय्य नाही. आजच्या रचनांत सुमार पुष्कळ आहेत, हे मी नाकारत नाही. ब्रजभाषेचा कान नसताना जुळवलेले शब्द आणि ओढूनताणून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणलेला मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, मीही ऐकला आहे. पण सदारंगांच्या काळीही सुमार रचना झाल्याच असणार. त्या गळून गेल्या, एवढेच.

आता मुख्य विधान: गुण असेल तर नाव होतेच. येथे मला नाट्यसंगीताकडे बोट दाखवावेसे वाटते. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या 'स्वयंवर' नाटकाच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या, हे पुण्यातल्या जुन्या रसिकाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते, आणि त्यांतल्या अनेक चाली परंपरेतल्या बंदिशींवर बेतलेल्या असूनही त्यांचे श्रेय बुवांनाच मिळते. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'चे संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचे, हेही तसेच. गाव तेच, श्रोते तेच, राग तेच. फरक इतकाच की नाटकाच्या जाहिरातीत संगीत कोणाचे हे छापले जाई आणि लोक ते वाचत. मैफलीत मात्र ही जागा कोणी ठेवलेलीच नाही. मागच्या हिवाळ्यात सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात मी गाणे ऐकत होतो. निवेदिकेच्या हातातल्या कार्डावर राग होता, विलंबित एकताल होता, द्रुत त्रिताल होता. तबला, संवादिनी, तानपुरे कोणाचे आणि ध्वनिव्यवस्था कोणाची, तेही तिने आवर्जून वाचले. द्रुत, म्हणजे जलद लयीतली, बंदिश ज्यांनी रचली होती ते गृहस्थ माझ्याच रांगेत बसले होते. त्यांची मुद्रा, म्हणजे बंदिशीच्या शब्दांतच गुंफलेले रचनाकाराचे नाव, अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात होती, आणि तो अंतरा एकदाच, तानांच्या घाईत येऊन गेला. शेजारच्या बाईंनी मला कौतुकाने विचारले, "जुनी चीज दिसते, नाही?" ते गृहस्थ समोर पाहत राहिले. त्या रचनेत काही उणे होते म्हणून त्यांचे नाव झाले नाही, असे त्या संध्याकाळनंतर मी कसे मानावे? पुढे ध्वनिमुद्रण समाजमाध्यमांवर चढते तेव्हाही खाली राग आणि ताल एवढेच लिहिलेले असते, आणि शिकणारी मुले ती बंदिश 'पारंपरिक' म्हणून वहीत उतरवून घेतात.

रसिकांना नवे नको, याला उत्तर म्हणून जोगकंस पुरेसा आहे. जगन्नाथबुवा पुरोहितांनी गेल्या शतकात बांधलेला हा राग आज इतका रुळला आहे की तो नवा आहे याचीच अनेकांना आठवण नसते. प्रभाताईंच्या मारुबिहागातल्या 'जागूँ मैं सारी रैना'ची फर्माईश करणाऱ्यांनीही नव्याचेच स्वागत केले होते.

राहिला नावाच्या आग्रहाचा प्रश्न. ज्यांचा दाखला दिला जातो त्या नियामत खाँनीच 'सदारंग' हे नाव बंदिशीच्या शब्दांत ओवले, आणि त्याच्या जोडीला मोहम्मदशहा बादशहाचेही. मुद्रा घालण्याची रीत हा नावाचाच आग्रह आहे, आणि तो परंपरेने मान्य केलेला आहे. नाव न नोंदवण्याची किंमत काय पडते, तेही अलीकडेच दिसले. ध्रुपद गाणाऱ्या डागरबंधूंच्या 'शिवस्तुती' या रचनेची नक्कल केल्याच्या आरोपावरून ए. आर. रहमान यांच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलेल्या दाव्यात एप्रिल २०२५ मध्ये एकलपीठाने डागर कुटुंबाच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. नक्कल झाली की नाही या प्रश्नात ते शिरलेच नाही. रचना ज्यांनी गायली त्यांनीच ती केली असे गृहीत धरता येत नाही, हा त्याचा मुद्दा होता. आपल्या कायद्यात स्वरलिपी लिहिलेली नसली तरी रचनाकार हा रचनाकारच असतो. पण ती रचना त्याचीच, हे कशावरून तरी दिसावे लागते. मैफलीत घेतलेले नाव, वहीत बंदिशीशेजारी लिहिलेले नाव, ध्वनिमुद्रणाखाली दिलेले नाव हे सारे त्या कामी येते, आणि ते लिहायला किंवा उच्चारायला गायकाला चार सेकंद पुरतात.