सव्वा महिन्याच्या आत बाहेर काढावंच लागतं

एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, बाळ घरी आलं की पहिला फोन येतो तो "बारसं कधी?" विचारणारा. हौस कळते हो. पण पावणेदोन किलोचं बाळ घरात आलं की कामं संपत नाहीत, सुरू होतात.

माझी भाची बत्तिसाव्या आठवड्यातच जन्मली. पहिलं बाळंतपण, म्हणून ताई आमच्याकडेच. दवाखान्यात मॉनिटर होता, सिस्टर होत्या. घरी आल्यावर ताई रात्री उठून उठून बाळाच्या नाकाशी बोट धरायची. दर दोन तासांनी वाटी-चमच्याने दूध. पाजायलाच अर्धा तास, मग खांद्यावर घेऊन ढेकर, मग पुढच्या वेळचं दूध काढून ठेवायचं. झोपायचं कधी?

पण मला बोलायचंय ते डोळ्यांबद्दल. डिस्चार्ज कार्डावर तळाशी बारीक इंग्रजीत 'आरओपी स्क्रीनिंग', म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या एका आजाराची तपासणी, असं लिहिलेलं. कोणी समजावून सांगितलं नाही. ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी "आरओपी झालं का?" विचारलं, म्हणून कळलं. वेळेआधी आलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. पुढे त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढला जाऊन सुटू शकतो, नजर जाऊ शकते. बाहेरून डोळे अगदी टपोरे, छान दिसतात. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत व्हायला हवी, फारच लहान असेल तर त्याही आधी. गरज पडली आणि वेळेत लेसर झालं, तर बहुतेकदा नजर वाचते.

आता आपल्याकडचा नियम काय? सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. म्हणजे नेमकी तीच मुदत हुकते! आमची आईही अडून बसली होती. तिला दोष देत नाही, तिनं दोन मुलं तशीच वाढवलीत. डॉक्टरांनी फोनवर दोन मिनिटं समजावलं, तेव्हा तीच टोपडं शोधायला उठली. वावडिंग-ओव्याची धुरीही त्याच फोनमध्ये बंद झाली. कच्च्या फुप्फुसांना धूर नको.

हे दोन मिनिटांचं बोलणं डिस्चार्जच्या दिवशीच, आजीला समोर बसवून का होत नाही? त्या हॉस्पिटलमधून आम्हाला फोन आला होता बरं का, "आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी किती गुण द्याल?" विचारायला. तपासणीची आठवण करायला मात्र कोणी नाही.

गावाकडे निदान आशाताई घरी येतात, बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या फेऱ्या असतात. नवजात बाळाला घरी जाऊन जपायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी करून दाखवली, मग देशभर गेली. आमच्या सोसायटीत कोण येणार? जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांचे दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात, अशा बाळांचे डोळे, कान, वाढ मोफत तपासतात, हेही किती जणांना माहीत आहे?

आणि कृपा करून "अजून मान धरत नाही?" विचारू नका. दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं तरी वाढीच्या हिशेबात चारच महिन्यांचं असतं. (लशी मात्र जन्मतारखेनुसारच.)

भेटायला जायचंच असेल तर सर्दी-खोकला नसताना जा, डबा न्या, बाळाचा पापा घेऊ नका. आणि तपासणीच्या तारखेला गाडी घेऊन हजर राहा. एकदा दाखवून भागत नाही, पडदा पूर्ण होईपर्यंत डॉक्टर पुन्हा पुन्हा बोलावतात.