मुदतीपूर्वीचे सात आठवडे

2025 च्या नोव्हेंबरात संजू सॅमसन राजस्थानकडून चेन्नईकडे आणि रवींद्र जडेजा व सॅम करन चेन्नईकडून राजस्थानकडे गेले, तेव्हा पुण्यातल्या माझ्या जुन्या मित्रांमध्ये पेटलेला वाद मी इथे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत बसून वाचत होतो. 2023 च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून करंडक जिंकून देणाऱ्या माणसाला चेन्नईने सोडावेच कसे, असे काहीजणांचे म्हणणे होते. तर कोट्यवधी रुपये घेणाऱ्या व्यावसायिक खेळाडूने कोणत्या रंगाची जर्सी घालावी यावर हळवे होण्याचे कारण नाही, असे बाकीचे म्हणत होते. त्याच ओघात एका मित्राने सुचवले की आयपीएलनेही आता अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या लीगसारखी, म्हणजे एनबीएसारखी, चालू हंगामात अदलाबदलीची मुभा द्यावी, म्हणजे स्पर्धेत आणखी रंगत येईल. या सूचनेला सविस्तर उत्तर द्यावे असे मला वाटते, कारण त्या रंगतीची किंमत मोजणाऱ्या शहरात मी राहतो आणि इथल्या संघावर माझा जीव आहे.

एनबीएमध्ये उन्हाळ्यात नवा करार केलेल्या बहुतेक खेळाडूंची अदलाबदल 15 डिसेंबरपर्यंत करता येत नाही, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातल्या ठरलेल्या दिवशी दुपारी अदलाबदलीची मुदत संपते. म्हणजे 82 सामन्यांच्या हंगामाच्या ऐन मध्यावर सात-आठ आठवडे असे येतात की ज्यांत जवळजवळ कोणत्याही खेळाडूला कोणत्याही दिवशी दुसऱ्या शहरात पाठवता येते. खेळाडूची संमती लागत नाही. अदलाबदल नाकारण्याचे कलम करारात मागायचे तर लीगमध्ये आठ आणि त्याच संघात चार हंगाम काढलेले असावे लागतात, आणि ते प्रत्यक्षात पदरात पडलेले खेळाडू बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. बाकी सर्वांनी या आठवड्यांत रोज संध्याकाळी मैदानात उतरायचे, आणि सामना संपल्यावर फोन उघडून आपले नाव कुठे आले आहे का ते पाहायचे.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण 2019 च्या लॉस एंजेलिस लेकर्स या संघाचे आहे. 2018 च्या नाताळच्या दिवशी गोल्डन स्टेट या संघाला हरवले तेव्हा लेकर्सचे 20 विजय आणि 14 पराभव होते, पण त्याच सामन्यात त्यांचा मुख्य खेळाडू लेब्रॉन जेम्स याच्या जांघेला दुखापत झाली. जानेवारीच्या अखेरीस न्यू ऑर्लिन्सच्या अँथनी डेव्हिसने आपल्याला दुसरीकडे पाठवावे अशी जाहीर मागणी केली, लीगने त्याला 50,000 डॉलरचा दंड केला, आणि लेकर्स त्याच्या बदल्यात ब्रँडन इंग्रम, लाँझो बॉल, काइल कुझ्मा अशी आपली तरुण फळी द्यायला तयार असल्याच्या बातम्या रोज झळकू लागल्या. 5 फेब्रुवारीला हा संघ इंडियानापोलिसमध्ये खेळत होता. इंग्रम फ्री थ्रोच्या, म्हणजे कोणी न अडवता रिंगमध्ये चेंडू टाकायच्या, रेषेवर उभा राहिला की प्रेक्षागृह एका सुरात ओरडत होते की लेब्रॉन तुला विकून टाकणार आहे. एकवीस वर्षांचा तो मुलगा चेंडू हातात घेऊन, हजारो लोकांच्या त्या घोषात रिंगकडे पाहत होता, आणि ज्याच्या नावाने घोषणा चालली होती तो त्याच्याच संघाचा म्होरक्या होता. लेकर्स 136-94 असे हरले. लेब्रॉनच्या तोवरच्या कारकिर्दीतला तो सर्वांत मोठ्या फरकाचा पराभव होता. पुढे दोन दिवसांनी मुदत उलटून गेली, त्या तिघांपैकी कोणीही गेले नाही, आणि त्याच संध्याकाळी बॉस्टनमध्ये राजॉन राँडोच्या अखेरच्या क्षणीच्या बास्केटवर हाच संघ 129-128 असा जिंकला. एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नये हे मला मान्य आहे, आणि पुढे बॉल व इंग्रम यांना दुखापत आणि आजारपणाने बाहेर बसावे लागले हेही खरे; तरीही 37-45 अशा अवस्थेत प्लेऑफबाहेर राहिलेल्या त्या संघात पूर्वीचा विश्वास परत आला नाही, असेच तो हंगाम पाहिलेल्या माझ्यासारख्याचे मत आहे.

असे का होते, हे क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या चटकन लक्षात येत नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाज आणि फलंदाज यांचा सामना पुष्कळसा एकास एक असतो आणि दोन चेंडूंमध्ये मन सावरायला वेळ मिळतो. बास्केटबॉलमध्ये प्रतिस्पर्धी आपल्या साथीदाराला चकवून रिंगकडे घुसला की कोपऱ्यातल्या बचावपटूला स्वतःचा माणूस मोकळा सोडून मध्ये यावे लागते, आणि तो मध्ये येतो त्याच क्षणी तिसऱ्याने त्या मोकळ्या माणसाकडे धावावे लागते. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, आणि बहुधा न बोलता, घडावे लागते. मदतीला जाणाऱ्याच्या नावावर आकडेवारीत काही जमा होत नाही; उलट त्याने सोडलेल्या माणसाने बास्केट केली तर दोष त्याच्याच माथी येतो. आता ज्याला आठवड्याभरात दुसरीकडे पाठवले जाण्याची शक्यता आहे, आणि ज्याच्या प्रत्येक हालचालीवर बाकीच्या 29 संघांचे लोक नजर ठेवून आहेत, त्याने ही मदत करावी की आपले आकडे सांभाळावेत? तो जाणूनबुजून स्वार्थी होतो असे मी म्हणत नाही. मन थाऱ्यावर नसले की पाऊल अर्ध्या क्षणाने उशिरा पडते, आणि या खेळात तेवढा उशीर पुरेसा असतो.

आमच्या सॅक्रामेंटो किंग्जची गोष्ट मला अधिक जवळची आहे. या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, आणि 2019 च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात भारतातले पहिले एनबीए सामने झाले, त्यामुळे महाराष्ट्रातल्या पुष्कळ वाचकांनी हे नाव ऐकलेले असेल. इथले लोक अजूनही प्रेक्षागृहात गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात आणि संघ जिंकला की छतावरून आकाशात जांभळा प्रकाशझोत सोडला जातो. 2024 च्या 27 डिसेंबरला प्रशिक्षक माइक ब्राउन यांना काढले गेले आणि डग क्रिस्टी यांच्याकडे संघ आला. हेच क्रिस्टी खेळाडू असताना 2005 च्या जानेवारीत याच संघातून चालू हंगामात ऑर्लँडोला पाठवले गेले होते. त्यांच्या हाताखाली संघ पहिला सामना हरला, पण नंतर सलग सात सामने जिंकला. मग 2025 च्या जानेवारीअखेरीस डिअॅरॉन फॉक्सला देऊन टाकण्याची तयारी असल्याची बातमी आली, आणि 2017 पासून इथेच घडलेला हा खेळाडू 2 फेब्रुवारीला सॅन अँटोनियो संघाचा झाला. त्या मधल्या दिवसांत संघ बाहेरगावी खेळत होता, पण इथल्या चाहत्यांमध्ये जो संकोच होता तो मी विसरलेलो नाही. टीव्हीवर पाहतानाही फॉक्सला टाळ्या द्याव्यात की नाही हे लोकांना कळत नव्हते, आणि त्याचे साथीदार त्याच्याकडे चेंडू देताना काय विचार करत असतील हे तर आम्हाला कळण्याचा प्रश्नच नव्हता.

आदल्याच रात्री डॅलसने आपला मुख्य खेळाडू लुका डॉन्चिच याला लॉस एंजेलिसला धाडले होते. तिथे आधी कुजबुजही नव्हती, म्हणून तो प्रकार वेगळा. तिथे मन उडाले ते व्यवहारानंतर, आणि ज्यांनी तो केला त्या डॅलसच्या व्यवस्थापक निको हॅरिसन यांना नऊ महिन्यांनी पायउतार व्हावे लागले. एप्रिलमध्ये एकाच शनिवार-रविवारात आपापला मुख्य खेळाडू घालवलेले हे दोन संघ प्लेऑफच्या पात्रतेच्या सामन्यात आमच्याच प्रेक्षागृहात समोरासमोर आले. आम्ही 106-120 असे हरलो आणि हंगाम तिथेच संपला.

अदलाबदल मुळातच वाईट असते असे मला म्हणायचे नाही. 2022 च्या फेब्रुवारीत किंग्जने टायरिस हॅलिबर्टनला इंडियानाला देऊन डोमंटास सबोनिसला आणले. हॅलिबर्टनच्या ते जिवाला लागले, पण पुढच्याच हंगामात आम्ही 48 सामने जिंकून 16 हंगामांच्या खंडानंतर प्लेऑफ गाठले, आणि हॅलिबर्टननेही 2025 मध्ये इंडियानाला अंतिम फेरीपर्यंत नेले. दोन्ही शहरांचे भले झाले. जिमी बटलरने मायामीत असताना सोडून जाण्यासाठी इतका हट्ट धरला की एका महिन्यात त्याला तीनदा निलंबित केले गेले; गोल्डन स्टेटने त्याला घेतले आणि प्लेऑफपूर्वी तो खेळलेल्या 30 पैकी 23 सामने जिंकले. माझा आक्षेप आहे तो व्यवहार टांगणीला ठेवून त्याच माणसांकडून रोज जिवापाड खेळण्याची अपेक्षा करण्याला.

याचे टोक हॅरिसन बार्न्सच्या बाबतीत पाहायला मिळाले. 6 फेब्रुवारी 2019 ला तो डॅलसकडून शार्लटविरुद्ध खेळत असतानाच त्याला किंग्जकडे दिल्याचे ठरले. त्याला चौथ्या सत्रात उतरवले नाही, पण तो निघूनही गेला नाही. सामना संपेपर्यंत बाकावर बसून, जे आता आपले राहिले नव्हते त्या साथीदारांना प्रोत्साहन देत राहिला. इथले माझे सहकारी याचे वर्णन आदर्श व्यावसायिकता असे करतात. कॅलिफोर्नियात बहुतेक नोकऱ्या मालकाला कारण न देता केव्हाही संपवता येतात, आणि ते गृहीत धरून वाढलेल्या माणसांना बार्न्सने जे सोसले ते नेहमीचेच वाटते. मला बार्न्सचा आदर वाटतो. पण त्याला तसे बसावे लागले ही व्यवस्था मला अनुकरणीय वाटत नाही.

आपल्याकडे माणसांना एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवण्याचा अनुभव काही कमी नाही. त्यातून महाराष्ट्राने 2005 च्या अधिनियमात शासकीय कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यातच कराव्यात आणि एका पदाचा कार्यकाळ सामान्यतः तीन वर्षांचा असावा असे लिहून ठेवले. कायद्याला पळवाटा किती काढल्या जातात हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्यामागचा विचार पक्का आहे: वर्षाचे काम सुरू झाल्यावर माणसाचे मन कामावर राहावे.

आयपीएलच्या नियमांत आज हाच विचार आहे. मोठ्या अदलाबदली हंगामाबाहेर होतात, आणि खेळाडूच्या लेखी संमतीशिवाय होत नाहीत. सॅमसन आणि जडेजा यांच्या नावांची चर्चा कितीही रंगली तरी त्या चर्चेखाली त्यांना या संघांसाठी एकही चेंडू खेळावा लागला नाही, आणि जडेजाने 18 कोटींवरून 14 कोटींवर येणे मान्य केले ते त्याच्या सहीने. तरीही धक्का बसतोच. 2023 च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईत परतला, रोहित शर्माकडचे कर्णधारपद त्याला दिले गेले, वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, आणि 14 पैकी चारच सामने जिंकून मुंबई तळाला गेली. चार महिने आधी, शांतपणे झालेल्या बदलाने जर ड्रेसिंग रूमची घडी इतकी विसकटत असेल, तर एप्रिलच्या मध्यावर, दोन सामन्यांच्या मधल्या दिवशी झालेल्या बदलाने काय होईल याचा विचार माझ्या मित्राने करावा.

जेमतेम दोन महिन्यांच्या, 14 साखळी सामन्यांच्या स्पर्धेत सावरायला वेळच नसतो. एनबीएच्या संघाला मुदतीनंतर निदान तीसेक सामने मिळतात. म्हणून आयपीएलने लेखी संमतीची अट हलू देऊ नये आणि हंगामात ही खिडकी बंदच ठेवावी. आणि एनबीएने आपली मुदत फेब्रुवारीवरून जानेवारीच्या सुरुवातीला आणावी, म्हणजे अफवांचे दिवस तरी निम्म्यावर येतील. दुखापतींमुळे संघांना उशिरापर्यंत मुभा हवी असते, हा व्यवस्थापकांचा युक्तिवाद मला ठाऊक आहे, परंतु ती गरज करारमुक्त खेळाडू घेऊन भागवता येते. त्यासाठी आधीच संघात असलेल्या पंधरा जणांची झोप उडवण्याचे कारण नाही.