काय सांगी राहिना भाऊ तू?

मे महिन्यात जळगावात दुपारी सर्व्हरवर लॉगिन करू नये, असं माझं मत. पारा ४५ला टेकलेला, कूलर नुसत्या वाफा सोडतोय. पासवर्ड लागतो, प्रॉम्प्ट येतो, आणि पडदा पुसायला साधं 'क्लिअर' मारलं की सर्व्हर म्हणतो: एक्सटर्म-किटी, अननोन टर्मिनल टाइप. माझं 'किटी' टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, त्याच्या ओळखीचंच नाही. म्हणजे पाहुण्याला घरात घेतलं, पाणी दिलं आणि मग विचारलं, 'काय सांगी राहिना भाऊ तू?'

एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरायचं साधन) बिचारं आत शिरताना आपल्या टर्मिनलचं नाव, म्हणजे 'टर्म' व्हेरिएबल, इमानदारीत कळवतं. सर्व्हर ते टर्मइन्फोच्या वहीत शोधतो. पडदा कसा पुसायचा, कर्सर कसा हलवायचा, रंग किती, सगळं तिथे नावानिशी लिहिलेलं. जुन्या सर्व्हरच्या वहीत काल जन्मलेलं टर्मिनल कुठून असणार? १९७८चं व्हीटी१०० मात्र बहुतेक सापडतंच.

मग नावाबाबत खोटं बोलायचं: एक्सपोर्ट टर्म=एक्सटर्म-२५६कलर. तेही नसेल तर नुसतं एक्सटर्म. त्याहून खाली उतरलात तर व्हीटी१००, पण मग रंग गेले. शेवभाजीतून शेव काढल्यासारखं.

खरा इलाज वहीत नाव चढवण्याचा. आपल्या मशीनवर टर्मिनलची नोंद छापणारं 'इन्फोकम्प -एक्स' चालवायचं आणि त्याचं आउटपुट पाइप करून, एसएसएचमार्गे, पलीकडच्या, नोंद वहीत चढवणाऱ्या 'टिक -एक्स -' ला द्यायचं. शेवटची सुटी डॅश विसरलात तर टिक फाइलचं नाव मागतो. रूट (अ‍ॅडमिनचा अधिकार) लागत नाही. नोंद आपल्याच होम फोल्डरमधल्या डॉट-टर्मइन्फोत बसते.

काही शहाणे 'टर्म'ची ओळ बॅशआरसीत, म्हणजे बॅश उघडताना दर वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलीत, कोंबतात. हा उपद्व्याप मला सहन होत नाही. टीमक्सच्या (एका टर्मिनलात अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्राम) आत नाव 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स' घराण्यातलं हवं, आणि ही ओळ सगळ्यांना एकच आडनाव चिकटवते. खोटं बोलायचंच तर एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये, त्या एका होस्टखाली, 'सेटएन्व्ह' लावून बोलावं.

बॅकस्पेसला टोपीवाला एच (^H) उमटला तर तो गुन्हा 'टर्म'चा नाही. कळ ८ हा कोड पाठवते, पलीकडे १२७ची वाट बघणं चालू असतं. इलाज: 'एसटीटीवाय इरेज', स्पेस, कंट्रोल-व्ही, बॅकस्पेस, एंटर.

पडद्यावर नुसती रांगोळी झाली तर आंधळेपणाने 'रीसेट' टाइप करावं; एंटर दाद देत नसेल तर कंट्रोल-जे. तेवढ्यात लाइट गेलीच तर वरण-बट्टी खाऊन घ्यावी. सर्व्हरवर टीमक्स लावलेला असेल तर काम तिकडे चालूच राहतं.