‘आईचं गंठण गहाण ठेवलं’ : गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार गुरुजी,

तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हा मी सोलापूरहून पंढरपूरला निघालेल्या एसटीत होते. उतरेपर्यंत चार वेळा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाकीच्या वाचकांना संदर्भ कळावा म्हणून आधी तुमचं म्हणणं सांगते. दिवाळीच्या सुमारास मी ‘गाणं तयार झालं, आता पुढे काय?’ असा लेख लिहिला होता. लातूर जिल्ह्यात आयुष्यभर संगीत शिकवलेल्या या गुरुजींच्या एका विद्यार्थ्यानं तो वाचला. त्यानं स्वतः चाल लावलेली एक गवळण रेकॉर्ड केली होती. आईचं गंठण गहाण ठेवून त्यानं चाळीस हजार रुपये उभे केले आणि इन्स्टाग्रामवर भेटलेल्या एका प्रमोशनवाल्याला दिले. पंधरा दिवसांत गाणं लाखभर वेळा ऐकलं गेल्याचं दिसलं. महिन्याभरानं ते सगळ्या ॲपवरून गायब झालं. गुरुजींनी मला तीन गोष्टी सुनावल्या आहेत. एक, माझ्यासारखी माणसं खेड्यातल्या पोरांना कंपन्यांच्या दावणीला बांधतात. दोन, हजार वेळा ऐकलं गेल्याशिवाय दमडी मिळत नाही, हे मी लपवलं. तीन, ‘गाणाऱ्यानं गावं, दुकान मांडू नये.’

गुरुजी, त्या लेखात माझं एक वाक्य होतं, ‘प्रसिद्धीवर खर्च करायला कचरू नका.’ ते चुकीचं होतं. मी ते काढलं आहे आणि का काढलं तेही तिथे लिहिलं आहे. माझ्या डोक्यात होतं एखादा बरा फोटो, चार पोस्टर, फार तर हजार-दोन हजारांची जाहिरात. पण वाचणारा ते कसं घेईल याचा विचार मी करायला हवा होता. एका माऊलीचं गंठण त्या वाक्यापायी सावकाराकडे गेलं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

तुमच्या विद्यार्थ्याचं काय झालं असेल ते सांगते, कारण ही फसवणूक आता सर्रास चालते. प्रमोशनवाला माणसं आणत नाही. तो यंत्रानं चालणारी खाती लावून गाणं वाजवत ठेवतो. गाणी ऐकायच्या स्पॉटिफाय या ॲपनं २०२४ पासून अशा खोट्या ऐकण्याबद्दल गाण्यामागे वितरकाला, म्हणजे कलाकाराचं गाणं सगळ्या ॲपवर चढवणाऱ्या कंपनीला, दंड लावायला सुरुवात केली आहे. मग वितरक दंड कलाकाराकडून वसूल करतो, नाहीतर गाणं उतरवून हात झटकतो. प्रमोशनवाल्याला काहीच होत नाही, त्याचे पैसे आधीच खिशात गेलेले असतात. विद्यार्थ्याला कलाकारांसाठीचं ते दुसरं ॲप उघडायला सांगा, स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स. त्यात ऐकणारे कुठल्या शहरातले आहेत ते दिसतं. लातूर, पुणे, नांदेड सोडून, जिथे मराठी कळणारं माणूस शोधून सापडणार नाही अशा परदेशी शहरातून हजारो श्रोते दिसत असतील, आणि ऐकणारे लाखभर पण गाणं जपून ठेवणारे दहाच असतील, तर काय झालं ते उघड आहे. त्या पानांचे स्क्रीनशॉट त्यानं घेऊन ठेवावेत.

आणि ज्या कामाचे तो माणूस पैसे घेतो, त्यातलं खरं काम फुकट होतं. गाणं प्रसिद्ध व्हायच्या किमान सात दिवस आधी त्याच ॲपमधून संपादकांकडे पाठवता येतं. भाषा, वाद्यं, गाण्याची गोष्ट असं सगळं तिथे लिहायचं असतं. संपादकांनी निवडलं नाही तरी जे तुम्हाला फॉलो करतात त्यांच्या नव्या गाण्यांच्या यादीत ते जातं. बहुतेक पोरं आज गाणं चढवतात आणि उद्याची तारीख टाकतात. तीन-चार आठवडे पुढची तारीख टाकली तर ही संधी हातची जात नाही.

हजाराचा मुद्दा तुमचा शंभर टक्के बरोबर आहे. गेल्या बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा ऐकलं गेलेलं गाणं स्पॉटिफायवर रेकॉर्डिंगचा पैसा मिळवत नाही. हा नियमही २०२४ चाच. लपवायचा हेतू नव्हता, पण लिहिलं नाही हे खरं. त्याच्या पुढचंही सांगते. एका वेळेला इतके पैसे असा ठरलेला दर कुठेच नाही. गाणं ज्या देशात ऐकलं जातं, त्या देशात वर्गणी आणि जाहिरातींतून जमलेल्या रकमेतून ऐकण्याच्या प्रमाणात वाटा पडतो. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं तेव्हा वर्गणी महिन्याला ११९ रुपये होती, अमेरिकेत तेव्हा ९.९९ डॉलर. शिवाय आपल्याकडे बहुतेक जण वर्गणी न भरता जाहिराती ऐकत गाणी ऐकतात. त्यामुळे लातुरातल्या श्रोत्याचं ऐकणं आणि न्यू जर्सीतल्या मराठी माणसाचं ऐकणं, पैशात एक नाही. आमच्या मंडळाच्या पहिल्या गाण्यातून वर्षभरात वितरकाची फीसुद्धा सुटली नव्हती. ऐकण्याच्या पैशावर घर चालेल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहावं.

मग तरीही मी हे का सांगत राहते? इथे मला माझ्या वडिलांविषयी लिहावं लागेल.

वडील भजन म्हणायचे. नव्वदच्या दशकात एका कॅसेट कंपनीचा माणूस गावात आला. वडील आणि त्यांचे साथीदार एका दिवसात आठ भजनं गाऊन आले. हातावर एकरकमी पैसे पडले, एसटीचं भाडं वेगळं. एका स्टॅम्पपेपरवर सही झाली. तो कुणी वाचला नव्हता, वाचून दाखवलाही नव्हता. पुढच्या आषाढीला पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गावरच्या एका स्टॉलवर वडिलांना स्वतःचा आवाज ऐकू आला. त्यांनी ती कॅसेट पंचवीस रुपयांना विकत घेतली. कव्हरवर विठ्ठलाचा फोटो, कंपनीचं नाव, आठ भजनांची यादी. गाणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. आठातल्या दोन चाली त्यांच्या स्वतःच्या होत्या. ती कॅसेट आमच्या देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात अजून आहे. आज तीच आठ भजनं एका ॲपवर आहेत आणि गायकाच्या जागी लिहिलं आहे, ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’.

वडिलांनी कधीच दुकान मांडलं नाही, गुरुजी. ते फक्त गायले. दुकान दुसऱ्यानं मांडलं आणि माल वडिलांचा होता.

म्हणून मला आजचा तो कंटाळवाणा ऑनलाइन फॉर्म फार मोलाचा वाटतो. वितरकाच्या फॉर्मवर रकाने असतात : गायक कोण, गीतकार कोण, संगीतकार कोण, रेकॉर्डिंगचा मालक कोण. ते तुमचा विद्यार्थी स्वतः भरतो. रेकॉर्डिंगला बारा अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्याची जगभर चालणारी ओळख, मिळतो. तो त्या रेकॉर्डिंगला कायमचा चिकटतो. वितरक बदलला तरी तोच क्रमांक पुढे न्यायचा, म्हणजे गाण्याची ओळख तुटत नाही. वर्षाच्या फीवर चालणाऱ्या वितरकाकडे फी थकली की गाणं उतरू शकतं, हे आधी विचारून घ्यावं. सीडी बेबीसारखे काही एकदाच पैसे घेतात आणि मिळकतीतले नऊ टक्के ठेवतात. कुठलाही घ्या, पण करार वाचून घ्या. मालकी सोडून देणारं कलम दिसलं तर तिथेच थांबा.

आणि वितरकाकडून येतो तो फक्त रेकॉर्डिंगचा पैसा. शब्द आणि चालीचा हक्क वेगळा असतो आणि त्याचा पैसा आयपीआरएसकडून, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडून, येतो. ही संस्था १९६९ पासून आहे. २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कुणी एकरकमी पैसे देऊन कायमचा लिहून घेऊ शकत नाही. माझ्या वडिलांच्या वेळी हे नव्हतं. तुमच्या विद्यार्थ्यानं चाल स्वतः लावली आहे ना? मग तिथे सभासद होऊन ती त्याच्या नावानं नोंदवणं, हे चाळीस हजारांच्या प्रमोशनपेक्षा कितीतरी मोठं काम आहे. अभंगाचे शब्द संतांचे, ते सगळ्यांचे. पण नव्यानं लावलेली चाल लावणाऱ्याची असते.

रियाजाबद्दल तुमच्याशी माझं भांडण नाहीच. कडुबाई खरात एकतारीवर भीमगीतं गायल्या, लोकांनी मोबाईलवर टिपली आणि तो आवाज महाराष्ट्रभर पोचला. रील कशी काढतात ते शिकून असा गळा येत नाही. दिवसाला तीन रील काढा असं मी कधीच सांगणार नाही, आणि जे सांगतात त्यांचं मला पटत नाही. पण पोचवणं हे कामच नाही, असं तुम्ही म्हणता तिथे मी अडते.

गेल्या वर्षी बार्शी तालुक्यातल्या एका गावात आमचा कार्यक्रम झाला. आमचं ‘दळण’ नावाचं एक गाणं आहे, जात्यावरच्या ओवीच्या चालीवर बांधलेलं. कार्यक्रम संपल्यावर साठीच्या एक बाई पुढे आल्या. नातवाचा फोन तोंडाजवळ धरून म्हणाल्या, ‘दळण’. फोननं पिठाच्या गिरण्यांचे व्हिडिओ दाखवले. त्यांनी गाण्याची पहिली ओळ म्हणून पाहिली, तरी काही नाही. आमचं गाणं यूट्यूबवर होतं, पण नाव इंग्रजी अक्षरांत आणि खाली वर्णनात एकही मराठी शब्द नाही. ‘राहू दे गं बाई, तूच परत येऊन म्हण,’ म्हणून त्या गेल्या. त्या रात्री घरी येऊन मी सगळी गाणी उघडली. नावं देवनागरीत केली, वर्णनात अख्खं गाणं लिहिलं, मुखड्याची ओळ सगळ्यात वर. आपली माणसं बोलून शोधतात आणि त्यांना गाण्याचं नाव आठवत नाही, मुखडा आठवतो. याला एक रुपया लागला नाही. त्याच रात्री लक्षात आलं की आमच्या मंडळाचं नाव दोन गाण्यांवर दोन वेगळ्या स्पेलिंगनं गेलं होतं, त्यामुळे एकाच कलाकाराची दोन पानं झाली होती आणि श्रोते दोन्हीकडे विभागले होते. भाषेच्या रकान्यात एका गाण्याला चुकून हिंदी लागलं होतं. हे मी दुकान मानत नाही. त्या बाईंच्या हाताला गाणं लागावं एवढंच त्यात आहे.

तेव्हापासून कार्यक्रमाच्या शेवटी आम्ही एक वही फिरवतो. ज्यांना हवं ते नाव आणि नंबर लिहितात, आमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये तिथेच सेव्ह करून देतो. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी एका वेळी २५६ जणांची असते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप जातो, म्हणून तो शेवटचा भाग महत्त्वाचा. नवं गाणं आलं की पहिला निरोप या वहीला जातो. दुसऱ्या गावचं बोलावणं यातूनच येतं, आणि आमचा खर्च बोलावण्यांवर निघतो.

परदेशातल्या मराठी माणसांसाठी आम्ही बँडकॅम्प या वेबसाइटवर अल्बम ठेवला आहे. तिथे ऐकणारा सरळ विकत घेतो, ते विक्रीतले पंधरा टक्के ठेवतात, पेमेंटवाल्याचं थोडं वेगळं जातं आणि उरलेलं आपल्याला येतं. विक्री मोजकीच होते, पण एका माणसानं घेतलेला अल्बम आमच्या हिशेबात इथल्या हजारो वेळच्या ऐकण्याला भारी पडतो.

अजून एक सांगायचं राहिलं, कारण ही चूक तुमचा विद्यार्थीही करू शकतो. दुसऱ्या गाण्यात पैसे वाचवायला आम्ही फुकट मिळणाऱ्या लूपच्या (वाजवून ठेवलेल्या तयार तुकड्यांच्या) संग्रहातला ढोलकीचा तुकडा लावला. गाणं यूट्यूबवर गेलं आणि दोन दिवसांत कंटेंट आयडीचा, म्हणजे दुसऱ्याचं गाणं वापरलं आहे का ते तपासणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, दावा आला. कुणा अनोळखी माणसानं तोच तुकडा स्वतःच्या गाण्यात वापरून ते गाणं त्या यंत्रणेत नोंदवलं होतं, म्हणून यंत्राला आमचं गाणं त्याचं वाटलं. आम्ही हरकत घेतली. दावेदाराला उत्तराला तीस दिवस असतात. त्यानं उत्तर दिलं नाही आणि दावा सुटला, पण तो महिना फार वाईट गेला. आपल्याच अंगणात आपल्याला कुणी ‘तू कोण?’ विचारावं, तसं वाटत होतं. तिसऱ्या गाण्याला आम्ही शेजारच्या गावचे ढोलकीवाले काका बोलावले, त्यांना बिदागी दिली, वादक म्हणून त्यांचं नाव घातलं. त्यांनी ते नाव मुलाकडून तीनदा वाचून घेतलं.

आता विद्यार्थ्याचं. गाणं उतरलं म्हणजे संपलं असं नाही. मूळ रेकॉर्डिंगची फाइल त्याच्याकडे आहे का, ते आधी बघायला सांगा. वितरकाला त्यानं लेखी कळवावं की प्रमोशनवाल्यानं फसवलं, सोबत पैसे दिल्याची पावती आणि ते स्क्रीनशॉट जोडावेत. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करता येते. उशीर झाला आहे, पैसे परत मिळतील असं मी म्हणणार नाही, पण तक्रारीचा कागद वितरकाशी बोलताना कामाला येईल. वितरक ऐकत नसेल तर दुसरीकडून तेच रेकॉर्डिंग त्याच आयएसआरसी क्रमांकानं पुन्हा चढवता येतं का ते पाहू. फॉर्म मी त्याच्यासोबत बसून भरेन. गवळण कुणी लिहिली, चाल कुणाची, पेटी कुणी वाजवली, सगळी नावं त्यानं तयार ठेवावीत. शिकवणारे म्हणून तुमचंही नाव वर्णनात यावं असं मला वाटतं, तुमची हरकत नसेल तर.

रविवारी सकाळी मी घरी असते. माझा नंबर तुम्हाला ईमेलनं पाठवला आहे. त्याला फोन करायला सांगा, आणि त्याच्या आईंशी मला दोन मिनिटं बोलता आलं तर बरं होईल.