वीसच्या आतला पट आणि वाचणारा पैसा

‘वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा म्हणजे सरकारी पैशाचा चुराडा. त्या बंद करा, मुलांना बसने मोठ्या शाळेत न्या. पैसा वाचेल, प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळेल, मुलं कॉलेजपर्यंत पोचतील.’ राज्याच्या शिक्षण विभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले, तेव्हापासून हे सतत ऐकू येतं. अशा शाळा तेव्हा १४,७८३ होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं शिकत होती.

पैसा वाचेल? समग्र शिक्षा या सरकारी शाळांना निधी देणाऱ्या योजनेत तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला संयुक्त अनुदान मिळतं वर्षाला १०,००० रुपये. खडू, झाडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, सगळं त्यातच. याच योजनेत वाहतूक भत्त्याची कमाल मर्यादा मुलामागे वर्षाला ६,००० आहे. पंधरा मुलांची शाळा बंद केली आणि सगळ्यांना पूर्ण भत्ता दिला, तर ९०,००० रुपये होतात. दहा हजार वाचवायला नव्वद हजार! खरा खर्च शिक्षकांच्या पगाराचा असतो, पण शाळा बंद झाली तरी त्यांचं समायोजन होतं, म्हणजे दुसऱ्या शाळेत नेमणूक होते, पगार चालूच राहतो. तो वाचतो फक्त पदं कमी केली तर.

आणि पदं कमी केली की ‘प्रत्येक वर्गाला शिक्षक’ कुठून येणार? शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला साठ पटापर्यंत दोन शिक्षक आहेत. प्रत्येकी पंधरा पटाच्या तीन शाळा एकत्र केल्या तर पट पंचेचाळीस, शिक्षक दोनच. आधी तीन गावांत मिळून सहा होते. वर्ग तेव्हाही जोडून बसत, आताही बसणार, फक्त एका शिक्षकासमोर सात-आठऐवजी बावीस-तेवीस मुलं. पैसा वाचवायचा तर शिक्षक मिळत नाहीत, शिक्षक द्यायचे तर पैसा वाचत नाही. दोन्ही आश्वासनं एकाच दमात देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

बसचं म्हणाल तर वाडीवर पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की मोठी माणसंही अडकतात. पहिलीतल्या मुलासाठी शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा आपल्याच राज्याचा नियम आहे.

कॉलेजची गोष्ट माझ्या जास्त जिव्हाळ्याची. ठरावीक उत्पन्न मर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी राज्याने २०२४ मध्ये माफ केली, फार चांगलं केलं. पण तिथे पोचायला आधी बारावी व्हावी लागते, त्याआधी दहावी. सहा वर्षांच्या मुलीला एकटीला लांब कसं पाठवायचं म्हणून घरच्यांनी तिला घरीच ठेवलं, तर त्या माफीचा तिला काय उपयोग?

एकाच गावात हाकेच्या अंतरावर दोन शाळा असतील, तर त्या जरूर एकत्र कराव्यात, त्याला माझा विरोध नाही. पण त्याआधी एकत्र होणाऱ्या शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांच्या मंजूर पदांच्या आदेशात, वर्गागणिक एक शिक्षक लेखी मंजूर करून द्या.