गणिताच्या शिक्षकांनो, आधी आपण खेळूया

गणिताचे शिक्षक एकत्र जमले की पोर्शन, पेपर तपासणी, निकाल असल्या गप्पा रंगतात. गणित मात्र क्वचितच निघतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. बैठकीची पहिली दहा मिनिटं आकड्यांच्या एखाद्या साध्या खेळाला द्यावीत, असं माझं ठाम मत आहे.

चार वेळा ४ वापरून १ ते २० संख्या तयार करायचा खेळ घ्या. ३ म्हणजे (४+४+४)÷४, हे लगेच जमतं. १० साठी (४४−४)÷४ सुचलं की चेहरे खुलतात. १९ ला गाडी अडते. मग कोणीतरी ४ चं फॅक्टोरिअल (४!), म्हणजे ४×३×२×१=२४, पुढे करतं: ४!−४−४÷४. "हे चालतं का पण?" म्हणून वाद सुरू होतो. तेवढ्यात पाचवीला शिकवणाऱ्या बाई दशांश चिन्ह घेऊन येतात: (४+४−.४)÷.४. कुठली चिन्हं वापरायची हे आधी ठरवावं लागतं, हा मुद्दा इथे न शिकवता सगळ्यांना पटतो. शिवाय प्राथमिक आणि महाविद्यालयीन शिक्षक एकाच कागदावर बरोबरीने डोकं लावतात. एरवी हे फार कमी घडतं.

गणितज्ञ द. रा. कापरेकर शाळेतच शिकवायचे. त्यांचा ६१७४ आपल्याला ठाऊक असतो, पण आपण तो करून किती वेळा बघतो? ३५२४ घ्या. अंकांची सर्वांत मोठी मांडणी वजा सर्वांत लहान: ५४३२−२३४५=३०८७. पुढे ८७३०−०३७८=८३५२, मग ८५३२−२३५८=६१७४. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक एकच नसतील, तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आकडा ६१७४ वरच येतो. खरी मजा "का?" विचारल्यावर आहे. अंक उतरत्या क्रमाने लावले की वजाबाकी दोनच फरकांवर ठरते, पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा. त्यामुळे हजारो संख्या तपासायच्या ऐवजी या फरकांच्या ५४ जोड्या पुरतात. हे फळ्यावर उलगडलं की बैजिक राशींचा कंटाळा करणारेही पुढे सरकून बसतात.

बक्षीस मात्र ठेवू नका, घड्याळही लावू नका. वेगाची शर्यत झाली की निम्मे लोक गप्प होतात. उत्तरही त्याच दिवशी फोडू नका, घरी जाताना डोक्यात राहू द्या.

आता तीन अंकी संख्या घेऊन हेच करा. आकडा कुठे थांबतो ते सांगा, आणि का थांबतो तेही.