उशिरा येणाऱ्यांना आत का घेत नाहीत

काल जुन्या नाशकातल्या एका वाड्यात आठ वाजता प्रायोगिक नाटकाचा प्रयोग होता. ८ वाजून १२ मिनिटांनी एक गृहस्थ सहकुटुंब आले आणि बंद दिंडी दरवाजावर थापा मारायला लागले. "तिकीट काढलंय, आत घ्या!" घेतलं नाही. झालं, सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅपवर "प्रायोगिकवाल्यांचा माज" चघळणं चालू आहे.

माज? मग आत काय चाललेलं असतं ते ऐकाच.

प्रेक्षक ३०. पहिला अर्धा तास त्यांचे १०-१० चे तीन गट आणि जागाही तीन: चौक, माजघर, माडी. तिन्हीकडे एकाच वेळी ८ मिनिटांचा प्रवेश, मग गट फिरतात. म्हणजे माडीवरची नटी तोच प्रवेश लागोपाठ तीनदा करते, आणि तिसऱ्यांदाही तो पहिल्यासारखाच व्हावा लागतो. मध्ये २ मिनिटं राखलेली, कारण वाड्याच्या जिन्यानं १० माणसं चढायला दीड मिनिट जातं. कुणाच्या आजी असतील तर जास्तच. चौकातली घंटा वाजली की तिघांनी आवरतं घ्यायचं. एक गट मिनिटभर रेंगाळला की पुढच्यांना नट प्रॉपर्टी, म्हणजे प्रवेशातल्या वस्तू, जागेवर ठेवताना दिसतो. मेलं नाटक! त्यात माडी लाकडी. वर पाय आपटला की खाली माजघरात माती झडते आणि वाक्य ऐकूच येत नाही. म्हणून वरची आदळआपट आणि खालची कुजबुज एका मिनिटाला येऊ नये, असं तालमीत घड्याळ लावून बसवतात. ८.१२ ला दुसरी फेरी सुरू झालेली होती. या चौघांना कुठल्या गटात घुसवायचं, तुम्हीच सांगा.

"एवढा अंधार कशाला?" हेही विचारून झालंय. वाड्याचं वायरिंग बघितलंय का? १५ अँपिअरच्या सॉकेटवर हजार वॅटचे तीन हॅलोजन म्हणजे १३ अँपिअर तिथेच गेले. त्यात कुणी चहाची किटली लावली की एमसीबी, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारा खटका, पडलाच म्हणून समजा. एलईडी पार, म्हणजे रंगमंचावरचे एलईडी दिवे, लावावेत तर त्यांच्या पंख्याची घरघर ५ फुटांवर बसलेल्याला ऐकू येते. म्हणून माजघरात डिमरवर एकच दिवा. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि दिंडी एकदा उघडली की रस्त्यावरचा उजेड सगळ्यावर पाणी ओततो. मोबाइलचं तेच.

काही मंडळी काही सुचलं नाही की अंधार करतात, मान्य. रविवार कारंजाच्या चौकात गर्दीत गाडी अडकते, तेही मान्य. पण ती काय कालच पहिल्यांदा अडकली?

आणि "हॉल परवडत नाही का" म्हणणाऱ्यांनो, नाही परवडत. ३०० ची ३० तिकिटं म्हणजे ९ हजार. त्यातच लाइटचं भाडं, टेम्पो, सफाई. पण परवडला तरी हे नाटक कालिदास कलामंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात होणारच नाही. स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गनं १९०७ मध्ये स्टॉकहोमला थाटलेलं नाट्यगृह १६१ खुर्च्यांचं होतं. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून कितीतरी प्रायोगिक नाटकं झाली. तोही माजच का?

असो. खरं तर मला त्या गृहस्थांवर फार चिडता येत नाही. घरची माणसं घेऊन नाटकाला येणारे उरलेत किती? मोठ्या नाट्यगृहात उशीर झाला तर बॅटरी दाखवून कुणीतरी खुर्चीपर्यंत नेतं, रांगेतल्यांनी पाय आखडले की काम भागतं. त्याचीच सवय. इथे नट तीन फुटांवर बसून तुमच्या डोळ्यांत बघत बोलतो. राज्य नाट्यस्पर्धेसाठी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायला शिकलेल्या पोरांना तो आवाज आवरायला महिने लागतात. दारावर थाप पडली की आधी त्याची नजर हलते, मग दहाही माना तिकडे वळतात.

पैसे परत मागितलेत म्हणे. संस्था काय ते बघेल, मी असतो तर दिले नसते. ऐन वेळी रिकाम्या राहिलेल्या चार जागा विकणार कुणाला?

पुढच्या वेळी साडेसातला या. सव्वा तास मध्यंतर नाही, तेव्हा बाथरूमला आधीच जाऊन या. चपला ओट्यावर काढा, फोन बंद करा, नुसता सायलेंट नको. आणि जिन्याच्या दोराला धरूनच चढा, पायऱ्या उंच आहेत.